दाराचा गुप्त आकडा

सोमवार, ४ मार्च
शनिवारी घरमालकीणबाई घर बघायला येणार. घर नीट ठेवलेलं दिसलं तरच करार वाढवणार, नाहीतर महिनाअखेर बाहेर. आमच्या हिची हॉस्पिटलात आठवडाभर डबल ड्यूटी. म्हणाली, हॉस्पिटलच्या इतक्या जवळ दुसरं घर मिळायचं नाही. तू घरूनच काम करतोस, तेव्हा ओटा, बाथरूम, गॅलरी तुझ्याकडे. म्हटलं, काळजीच सोड. उद्या पहाटेपासून सुरुवात.

मंगळवार, ५ मार्च
पहाट हुकली. काल ही नुसतं 'बाथरूम' म्हणाली आणि आज मोबाइलवर फरशी घासायच्या ब्रशची जाहिरात! म्हणजे फोन चोरून ऐकतो! दिवसभर ॲप्सच्या परवानग्या बंद करत बसलो. संध्याकाळी हिने सिंककडे बघितलं. स्वतःपुरता एक कप विसळून घेतला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ६ मार्च
लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. टीव्हीवरही. त्याला कॅमेरा नाही म्हणतात, पण खात्री कोण देणार? दाराच्या डिजिटल कुलपाचा आकडा बदलला. आधी हिची जन्मतारीख होती, म्हणजे चोराला आमंत्रणच. नवा आकडा फक्त आम्हा दोघांना ठाऊक. दाबताना चुकू नये म्हणून मोठ्यांदा म्हणतो. शेजारच्या काकू दारात भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, एवढा लांबलचक आकडा लक्षात कसा राहतो हो? म्हटलं, शिस्त.

गुरुवार, ७ मार्च
ओट्याला हात घातला. डाग आधीच्या भाडेकरूचा असावा, निघेना. हिने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, ऐंशी टक्के. (साबण आणून झाला आहे.) हिचे डोळे लाल झाले होते. तशीच भांडी घासायला निघाली. मी अडवलं. उद्या सगळं मीच करणार!

शुक्रवार, ८ मार्च
गॅलरी धुतली. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. भांडण. दिवस वाया. मग सुचलं, बाईंना घर दिसलंच नाही तर? फाटकातच गाठून सांगायचं की कुलूप बिघडलंय, पुढच्या शनिवारी या. आकडा तिसऱ्या कुणाला माहीतच नाही. सुरक्षेचा असाही फायदा होतो.

शनिवार, ९ मार्च
बाईंना फाटकात गाठलं. सगळं ठरल्यासारखं बोललो. त्या म्हणाल्या, आलेच आहे तर काकूंना भेटून जाते. मी मागोमाग. कुलूप बिघडल्याचं ऐकून काकू उठल्या आणि माझ्याच चालीत आकडा म्हणत बटणं दाबली. दार उघडलं. म्हणाल्या, रोज ऐकून पाठच झालाय.

आत आठवडाभराची भांडी. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

संध्याकाळ
बाईंचा फोन आला तशी ही ड्यूटीवरून परस्पर त्यांच्याकडे गेली, हातापाया पडली. घर वाचलं! वाचणार हे मी म्हणतच होतो. फक्त करार एकट्या हिच्या नावावर. बाईंनी विचारलं म्हणे, आणि यजमान? तेही इथेच राहणार ना? ही म्हणाली, विचार करून कळवते.

गंमतच केली असणार. आता भांडी घासते आहे. विचारायला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि घाबरून परत आलो.