हळदी कापडावरचा गप्प पक्षी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, धंदा दर रविवारी साप्ताहिकात लोकांची खिल्ली उडवणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोक्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. जिभेबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या कै. धाकट्या बहिणीच्या मुलीला. ती माझ्याशी बोलत नाही. बोलावं अशी अटही नाही.

२. माझ्या लेखांची कात्रणं रद्दीवाल्याला.

३. कपाटाचा खालचा कप्पा. याला थोडा खुलासा लागेल. धाकटी कापडावरची नक्षी काढायची. तिच्या पक्ष्यांची नक्षी घेऊन एका कंपनीने बूट काढले, दुसरीने छत्री, आणि एका बड्या फर्निचरवाल्याने खुर्ची. पहिली खुर्ची तिने मला पाठवली. मी लेख लिहिला: 'हे चोच वासलेले पक्षी पायात आले, डोक्यावर आले, बुडाखालीही आले, राहता राहिलं संडासाचं झाकण. एकच तेवढा चोच मिटून बसलाय, ती छपाईतली चूक असावी.'

लोक पोट धरून हसले. धाकटीचा फोन आला. "ताई, खुर्ची बसायला पाठवली होती गं, लिहायला नाही."

मग सात वर्षं फोन नाही. मीही केला नाही. मोठी ना मी!

तर त्या कप्प्यात ते बूट आहेत, ती छत्री आहे, पडदे, अभ्रे, सगळं आहे. गुपचूप, पूर्ण किमतीला घेतलेलं. तिच्यासारखा हळदी रंगावर निळा कुणाला बसवता आला नाही. पंखाच्या टोकाशी रंग किंचित साचलेला, जणू आत्ताच कुंचला उचललाय. बूट मला एक नंबर लहान होते. तरी घेतले. हेही भाचीला.

४. खुर्ची. गेल्या वर्षी धाकटी गेली. तिला पोहोचवून परतताना भाची म्हणाली, "मावशी, यावरही लिही ना काहीतरी."

गेल्या महिन्यात बैठक खचली म्हणून सोफेवाल्यांना बोलावलं. पाठीचं कापड उसवून ते म्हणाले, "बाई, नक्षीचं नाव वाचलंत का कधी? काठावर छापलेलं असतं. आम्ही काठ आत दुमडतो, म्हणून दिसत नाही."

काठावर रंगांचे ठिपके होते, आणि शेजारी बारीक अक्षरांत: 'ताई बोलते, मी ऐकते.'

चोच मिटलेला पक्षी बाकीच्यांकडे मान वळवून बसलाय, हे मला तेव्हा दिसलं. बाकीचे सगळे म्हणजे मीच.

"काठ परत आत घेऊ ना?" सोफेवाल्यांनी विचारलं. नको म्हटलं. आता तो बाहेर आहे, उजव्या हाताशी.

खुर्चीही भाचीला. संग्राहक मागायला येतील. विकायची तर खुशाल विकावी. त्याआधी एकदाच भाचीने तिच्यात बसावं आणि मला काय वाट्टेल ते सुनवावं. मी मध्ये बोलणार नाही.

साक्षीदार: १. सोफेवाले (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)
लिहून देणार: ताई (सही). पूर्ण नाव वकिलांनी पाकिटावर घातलं आहे.
ठिकाण: खिडकीजवळ, त्याच खुर्चीत.
दिनांक: १९ ऑगस्ट. धाकटीला आज बावन्नावं लागलं असतं.