निळ्या पेन्सिलीची फुली

३ जून
चोरांची ती जाडजूड कादंबरी वाचून झाली. अडीचशे पानं चोर पळतोय – दमले मी! तरी लोकांच्या उड्या. पुस्तकाची पाठ तिसऱ्यांदा उसवली आहे. पुन्हा बांधायला घेतली. असो, गाढवाला गुळाची चव काय!

५ जून
ग्रंथालयातून नवा गठ्ठा. ग्रंथपाल म्हणाला, "मावशी, नेहमीसारखंच. शिवण्याजोगं शिवा, बाकीचं बाद, त्यावर निळी फुली. ती पानं तुमच्या अस्तराला." माझी शाळा काय ती या बाइंडिंगच्या टेबलावरच झाली, पण निकाल माझा चालतो! एका कादंबरीला वेष्टन नाही, पहिली पानं नाहीत. बरंच झालं. नाव दिसलं नाही की भीड पडत नाही.

६ जून
त्या बिननावाच्या कादंबरीची साठ पानं. एक बाई खिडकीत बसून वाट बघते. कुणाची, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. रडते, डोळे पुसते, पुन्हा बसते. अगं बाई, ऊठ, चार भांडी तरी घास! शितावरून भाताची परीक्षा. पुस्तक मिटलं.

चहाला वरच्या मजल्यावरची हेडबाई आली. साय तिच्या कपात घातली, तिला आवडते. मग रडका आवाज काढून साठावं पान वाचून दाखवलं. ही आमची रोजची गंमत. ठसका लागेपर्यंत हसते. आज हसली, पण उशिरा.
"अगं, शेवट तरी वाचलास का?"
"कशाला? नासलेलं दूध तळापर्यंत प्यायचं?"
चहा अर्धा ठेवून गेली. दाढ दुखते म्हणाली.

७ जून
मारली फुली. पानं फाडून पट्ट्या केल्या, खळ लावून चोरांच्या पाठीला अस्तर दिलं. कागद मात्र चिवट. तेवढंच काय ते कौतुक!

९ जून
हेडबाई आजही आली नाही. लवंग पाठवली. परत आली.

१० जून
ग्रंथपाल येऊन गेला.
"मावशी, ती वेष्टन नसलेली झाली?"
"ती? बाद!"
मटकन स्टुलावर बसला. "अहो, हेडबाईंची होती ती! वीस वर्षांपूर्वी टोपणनावानं लिहिलेली. तेवढी एकच प्रत उरली होती. त्याच म्हणाल्या, मावशीकडेच द्या, पण माझं नाव सांगू नका. ती खरं बोलते."
जिना चढले. दार वाजवलं. आतूनच म्हणाली, "बोलवत नाही गं. दाढ."
दार उघडलं नाही. मीही ढकललं नाही.

११ जून
ओल्या फडक्यानं चोरांची पाठ सोडवली. शेवटच्या पानाच्या तीन पट्ट्या जुळल्या. खिडकीतली बाई अखेर उठते, जिना उतरते. खाली पुस्तकं शिवणारी एकजण राहते. फाटकं काही टाकवत नाही तिला. फार मायाळू.

पात्र पटत नाही.