शिक्षणात खंड पडण्याचे कारण

माय,

परवा मी शपथेवर, सही-शिक्क्यासकट, एक गोष्ट लिहून दिली. ती तू असताना तुला सांगायला हवी होती. त्याऐवजी धुळ्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या टायपिस्टला ती आधी कळली. तेव्हापासून मनाला बरं वाटेना, म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. इथे धुळ्यात एक कम्युनिटी कॉलेज आहे. एक वर्षाची अन्नप्रक्रियेची पदविका देतात. केळी, मिरची, टोमॅटो टिकवायचं शास्त्र. वयाची अट नाही, बारावी झालेली हवी. आमच्या ह्यांनीच जाहिरात आणून दिली आणि म्हणाले, "आता लोकांचे फॉर्म भरणं पुरे, स्वतःचा एक भर." मी चार दिवस भरत होते. आधी पेन्सिलीने, मग पेनाने. सगळं जमलं, फक्त एका ओळीवर अडले. बारावीनंतर शिक्षणात खंड पडला असल्यास कारणासह प्रतिज्ञापत्र जोडावे. माझा खंड अकरा वर्षांचा.

आबा तेव्हा जळगावहून माझ्याकडे, लेकीकडे, राहायला आले होते. मी म्हटलं, "आबा, खंडाचा कागद करायला जाते." ते उठून बसले. "खंडना? आपुन कोनी जमीन करी खंडवर?" त्यांना खंड म्हणजे दुसऱ्याचं शेत कसायला घेतल्यावर मालकाला द्यायचा तो. मी समजावलं की शाळा का सुटली त्याचं कारण लिहून द्यायचं आहे. त्यांनी थोडा विचार केला. "अकरा वर्षनं कारन? एक कागदवर कसं मावी?" मी हसले खरी, पण रिक्षात बसल्यावर तेच डोक्यात. कारण एका ओळीत मावत होतं, माय. अडचण तीच होती.

जळगावच्या त्या मोठ्या कॉलेजात यादी लागली तो दिवस तुला आठवत असेल. तू डाळमिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होतीस आणि गेटबाहेर उसाच्या गाड्यापाशी थांबली होतीस, आत यायला लाजत होतीस. तुझ्या हातात माझ्यासाठी आधीच घेतलेली निळी बॅग, चार चेनची. आत जाळीमागे दोन कागद लावले होते. पहिल्यावर 'खुला' लिहिलेलं, त्याच्यापुढे गर्दी. दुसऱ्यावर आपल्या प्रवर्गाचं नाव. मी सरळ दुसऱ्या कागदापाशी गेले, फॉर्मवर मी तोच रकाना भरला होता ना. बोट ठेवून तीनदा वाचला. माझं नाव नव्हतं. पहिल्या कागदाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तो आपला नव्हता. उघड्या दारातूनही दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, तसं वाटलं. बाहेर आले तर तू विचारलंस, "नीट देखं का?" मी म्हटलं, "तीनदा." तू बॅग खांद्याला लावलीस. "मंग त्यासनं शिकनं वाया गयं," म्हणालीस आणि माझ्या हाताला धरून चालायला लागलीस.

त्या दिवसापासून तुझं आणि त्या कॉलेजचं वैर सुरू झालं. मिलला जाणारी शेअर रिक्षा नेमकी त्याच गेटावरून जायची. मीही आता तुझ्याबरोबर डाळ निवडायला येत होते. गेट आलं की तू रोज तोंड फिरवायचीस आणि सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "देख, कसं उभं शे! मनी पोरले जागा दिन्ही नही." रिक्षावाला एकदा म्हणाला, "अक्का, ते कॉलेज पन घाबरतं आता तुम्हाला." त्याला तू दिवसभर पुरेल एवढं ऐकवलंस. मिलमध्ये माझ्या पहिल्याच दिवशी मी एकेक दाणा उलटून बघत होते, समोरचा ढीग हलेना. तू सूप ओढून घेतलंस. "डाय निवडानी शे, परीक्षा नही." सगळ्यांसमोर बोललीस म्हणून मला रडू आलं. जेवायच्या सुट्टीत तू त्या निळ्या बॅगमधून भाकरी आणि ठेचा काढलास. शेजारची बाई म्हणाली, "बॅग कोनी वं?" तू म्हणालीस, "मनी पोरनी कालेजनी बॅग शे." ती कसली सोडते. "बॅग शे, कालेज कोठे शे?" तू भाकरी मोडत शांतपणे म्हणालीस, "बॅगमाच शे. तुले दिसस नही." त्या बाईला ठसका लागेपर्यंत हसू आलं, आणि मग आपल्यालाही.

दिवाळीत एरंडोलच्या बसस्टँडवर मला शाळेतली मैत्रीण भेटली. ती त्याच कॉलेजात होती. म्हणाली, "अगं, तू आलीच नाहीस? पहिल्या कागदावर होतं की तुझं नाव. आम्हाला वाटलं, लग्न ठरलं असेल." मला काही समजेना. मग तिनेच सांगितलं की मार्क चांगले असले तर आपल्या प्रवर्गातल्यांचंही नाव खुल्या यादीत लागतं. दुसरा कागद आपल्यातल्या बाकीच्यांचा. मी हो हो म्हटलं, बस आली, बसले. आपल्या घरात ते कोणाला माहीत असणार? आणि मी तरी त्या दिवशी कोणाला विचारलं? तोपर्यंत प्रवेश केव्हाच बंद झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, पण तू ठणकावलं होतंस, "त्या दारमा परत पाय ठेवानं नही." अर्ज करायचा तर तुला सगळं सांगावं लागणार. मी उद्यावर टाकत गेले. मग तुला कावीळ झाली, आणि उद्या उरला नाही.

तर टपरीतला टायपिस्ट. गळ्यात चष्मा, दोन बोटांनी टाइप करणारा. "ताई, कारण काय टाकू? आजारपण? घरगुती? घरगुती सगळ्यांना चालतं." मग त्याने विचारलं, "आई-वडील आहेत?" मी म्हटलं, "आई नाही." त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग झालं की! आईचे निधन. एक नंबर कारण. त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही." आणि त्याने टाइप करून टाकलं. आईच्या निधनामुळे माझ्या शिक्षणात खंड पडला. पडद्यावर ते वाक्य उभं होतं आणि मला ते बघवेना. मी म्हटलं, "ते खोटं आहे." तो दचकला. "आई आहे?" "नाही. पण ती नंतर गेली, दोन वर्षांनी." "ताई, तारखा कोण बघतं?" "मी बघते," मी म्हटलं. माय, तू मला घरी बसवलं नाहीस. माझी शाळा तुझ्या मरणाने सुटली असं शपथेवर लिहायचं? तू काही उठून नाही म्हणणार नव्हतीस. म्हणून तर ते जास्त वाईट होतं.

मग मी त्याला खरं सांगितलं. त्याची बोटं थांबली. "याचा साचाच नाही माझ्याकडे," तो म्हणाला. मग दया येऊन म्हणाला, "असं करू. 'घरात मार्गदर्शन करणारे कोणी नसल्याने' टाकू. खरंही आहे, वजनही पडतं." ते खोटं नव्हतं. पण तेही फिरून घरावरच जात होतं, गेटबाहेर उभी राहिलेल्या तुझ्यावर. शेवटी लिहिलं : प्रवेश यादी पाहण्यात माझ्याकडून चूक झाल्याने. "'माझ्याकडून' ठेवू?" त्याने दोनदा विचारलं. "ठेवा," मी म्हटलं.

शनिवार शेवटची तारीख होती. कॉलेजच्या खिडकीतल्या मॅडमनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला. आता परत करतील, दुसरा करून आणा म्हणतील, आणि टपरी तर दोनला बंद होते. मॅडमनी मान वर केली. "अशा कारणाचा कागद मी पहिल्यांदा पाहते." मी काहीतरी पुटपुटले. "आणि हे तर एका वर्षाचं झालं. बाकीची दहा वर्षं यादीच बघत होता का?" त्या हसत होत्या हे मला उशिरा कळलं. मी सांगायला लागले. डाळमिल, तुझं आजारपण, धाकट्या भावाची दहावी, लग्न, मुलगी. शेजारणींचे फॉर्म भरते तेही. मागे रांग वाढत होती. मॅडम म्हणाल्या, "पुरे, पुरे. मिलमध्ये काम केलंय ना? धान्याचा पेपर सोपा जाईल तुम्हाला." आणि त्यांनी ठप्पा मारला. सोमवारपासून वर्ग. बसायला सतरंजी नाही, बाकं आहेत, विचारून घेतलं. घरी आले तर आबांनी स्वतःच्या हाताने चहा केला होता, गूळ जास्त घालून. मी दोन कप प्याले.

आता शेवटचं. त्या दिवाळीत एरंडोलहून मी तुला सांगायचंच ठरवून घरी आले होते. तू चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होतीस आणि शेजारच्या काकूंना सांगत होतीस, "इतली हुशार पोर मनी. बठ्ठा आंधया शेतस तठे." कॉलेजातले सगळे आंधळे, आणि मी दारात चपला काढत ऐकत राहिले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही. ते खरं नाही. माझी बाजू घेऊन आजवर कोणी भांडलं नव्हतं, आणि तू फार छान भांडत होतीस. मला ते आणखी ऐकायचं होतं.

तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं. आणि हा वरचा परिच्छेद मी गाळला असता.