फक्त दाखवण्यापुरतं

२ नोव्हेंबर १९५९
मोतीरामकडून गावठी पिस्तूल घेतलं. बदल्यात माझं हातघड्याळ दिलं. मोतीराम माझा जिवलग, दोघंही मॅट्रिकला. गोळी एकच आहे. एक पुरे, वापरायची नाहीच. केवळ सेफ्टी. मागच्या महिन्यात कबड्डीत शाळेतल्याच सूर्यभानने मला उचललं आणि मैदानाबाहेर नेऊन ठेवलं. सगळी शाळा हसली. तेव्हापासून माझ्या जिवाला धोका आहे.

५ नोव्हेंबर
पिस्तूल कमरेला लावून शाळेत गेलो. चालण्यात फरक पडला. आईने विचारलं, पोट दुखून राह्यलं काय रे शालिक, वाकडा काहून चालतं? कॉन्फिडन्स तिला ओळखू येत नाही.

११ नोव्हेंबर
पिस्तूल आल्यापासून तीन भांडणं झाली. पानठेल्यावर नत्थुजीशी, मग एका सायकलवाल्याशी, आज ड्रिलमास्तरांशी. त्याआधी वर्षभरात एकही नव्हतं. गाव किती बिघडलंय बघा. बरं झालं, वेळेवर घेतलं.

१५ नोव्हेंबर
पूर्वी सूर्यभानचं घर टाळून नाल्याकडून फिरून जायचो. आता रोज दोनदा त्याच्या दारावरून जातो. आज ओट्यावर शेंगा खात बसला होता. वर पाहिलंच नाही. धाक बसलेला माणूस वर पाहत नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी
मोतीराम सांगत होता, सूर्यभान आता जांबिया बाळगतो. माझ्याकडे पिस्तूल असल्याचं त्याला कळलं म्हणे. कसं कळलं देव जाणे. मी फक्त सात जणांना सांगितलं होतं. विनाकारण हत्यार घेऊन फिरतो म्हणजे पोरगा मुळातच हिंसक.

२२ नोव्हेंबर
निश्चय. उद्या बाजारात सूर्यभानला पिस्तूल दाखवायचं. फक्त दाखवायचं. तो माफी मागेल, विषय संपेल. मोतीराम म्हणाला, नको जाऊ, लेका. मी म्हटलं, तू सोबत चल, म्हणजे शांततेनं होईल.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
गोळी सुटली. मी सोडली नाही.
पिस्तूल पायजम्याच्या नाडीत अडकलं. मी ओढत होतो. मोतीराम माझा हात धरून म्हणत होता, राहू दे, लोकं पाहून राह्यले. त्याने हात धरला नसता तर असं झालं नसतं.
सूर्यभानने जांबिया फेकला. डोक्याचं मुंडासं सोडून मोतीरामच्या हाताला गुंडाळलं, त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्याकडे पळाला. मी मागून येतच होतो. जरा दम घ्यायला हळदीवालीच्या दुकानापाशी बसलो.

२५ नोव्हेंबर
ताप. मोतीरामला अकोल्याला नेलं. त्याने फौजदाराला सांगितलं, पिस्तूल माझंच, माझ्याच हातात उडालं. तसं पाहिलं तर मूळ पिस्तूल त्याचंच. पण मी उद्या जाऊन खरं काय ते सांगणार. नक्की.

२६ नोव्हेंबर
ताप नाही. पण अशक्तपणा आहे. उद्या.

२९ नोव्हेंबर
उद्या.

१ डिसेंबर, अकोला
बाबांना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, चाल. पहिल्या मोटारीने निघालो.
दवाखान्यात मोतीरामच्या उशाशी सूर्यभान बसला होता. रोज येतो म्हणे. मी म्हटलं, मला वाटलं तू मला मारशील. तो म्हणाला, तुले काहून मारू? तुह्या भेवानं तर जांबिया घेतला. तू रोज घरासमोरून चकरा मारत होता. मले झोप लागेना.
मोतीरामची आई केशरबाई आम्हा सगळ्यांना भाकर देत होती. मलाही दिली. कोणाच्या हातून झालं, तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. भाकर माझ्या हातातच राहिली.
मोतीरामच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली. अंगठा हलत नाही. मॅट्रिकच्या फॉर्मची मुदत उद्या संपते. तो म्हणाला, शालिक, तुहं अक्षर चांगलं आहे, भरून दे. मी भरला. नाव, जन्मतारीख, विषय. सहीच्या जागी त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा उठवला.
मग बाबा मला ठाण्यात घेऊन गेले. फौजदाराने माझं बोलणं लिहून घेतलं आणि खाली सही कर म्हणाला. मी केली. सही स्वच्छ आली.