शेवटची सोळा पानं

ता. ४ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

वाचनालयातली नोकरी लागून महिना झाला. समोरच्या शिवणकारखान्यातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत डोकावायला लागल्या, म्हणून तरुण मुलींनी वाचाव्यात अशा जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्यांची एक फळी लावायचं काम माझ्याकडे आलं. मी नऊ काढल्या. समितीचे अध्यक्ष कोण हे तुला सांगायला नकोच. बाबांनी चष्मा पुसून यादी वाचली आणि पाचांवर काट मारली. पाचांचा गुन्हा एकच, त्यांतली मुलगी नाही म्हणते. ती पुस्तकं रद्दीत टाक, नाहीतर नोकरी सोड, वखारवाल्यांचं स्थळ तयारच आहे, असं त्यांनी बजावलं. पाहुणे पुढच्या महिन्यात येणार. आई नेहमीसारखी गप्प.

पण वाचनालयाचे नियम मी बाबांपेक्षा नीट वाचलेत. बाइंडिंगहून परत आलेलं पुस्तक समितीपुढे जात नाही, थेट फळीवर जातं. तेव्हा पाचही तुझ्याकडे बाइंडिंगला पाठवते आहे. पुठ्ठे चांगले जाड लाव.

लोभ आहेच, तो असाच हट्टी राहावा.

तुझी भाची

ता. ११ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

बापाची लेक शोभतेस खरी, फक्त उलट्या बाजूनं!

चार पुस्तकं झाली. पाचवं उघडलं आणि खळीचा ब्रश हातातच राहिला. चाळिसाव्या पानावरचा शाईचा डाग माझा आहे. सतरा वर्षांची होते. शेवटची सोळा पानं उरली होती. दादानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, पुस्तक ओढून घेतलं, तेवढीच पानं फाडून शेगडीत घातली आणि उरलेलं साळसूदपणे वाचनालयात परत केलं. ती कादंबरी पुन्हा छापली गेली नाही, दुसरी प्रत मला कुठे मिळाली नाही. ती मुलगी शेवटी काय करते, हे मला आजही माहीत नाही. फाटलेलं शिवायचा धंदा मी उगाच नाही धरला. पण तेव्हा मी रडले आणि गप्प बसले. त्याचा राग मला दादापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

पानं हरवली की आम्ही तेवढी कोरी पानं शिवतो, तशी शिवली आहेत. वाचणाऱ्या मुलींना म्हणावं, शेवट तुम्हीच लिहा. कुणी जाब विचारला तर बाइंडिंगवालीनं परवानगी दिली म्हणून सांग.

तू मात्र गप्प बसू नकोस. माझी माया तुझ्या पाठीशी आहे.

तुझी आत्या

ता. २९ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पुस्तक बारा हातांतून फिरलं. काजं करणारीनं नायिकेला आगबोटीवर चढवलं, इस्त्रीवालीनं वकील केलं, एकीनं तर तिच्या वडिलांनाच घराबाहेर काढलं. तो शेवट माझा नाही, शपथ!

काल बाबांना सुगावा लागला. पुस्तक घरी आणून त्यांनी टेबलावर आपटलं आणि एकेक शेवट मोठ्यानं वाचून मुलींचा उद्धार करायला लागले. मधेच एका पानावर ते अडले. ते अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. मी मागे एकदा पुस्तक घरी विसरले होते, तेव्हा आईनं लिहिलं होतं. तिच्या शेवटात मुलगी नाही म्हणाली, सगळे रुसले, तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतः पोटभर जेवली आणि पुन्हा नाही म्हणाली. एवढंच.

आईनं हात पुसले, माझ्याकडून कागद मागितला आणि बाबांच्यादेखत वखारवाल्यांना नकार लिहिला. खाली स्वतःची सही केली. पत्र मीच पेटीत टाकून आले.

बाबांनी माझा राजीनामा मागितला. मी पोटभर जेवले आणि नाही म्हणाले. समितीची सभा दहा तारखेला आहे. शिवणकारखान्यातल्या सगळ्या मुली येणार आहेत.

पुस्तक पुन्हा तुझ्याकडे पाठवते आहे. बाइंडिंग भक्कम आहे, पण शेवटची दोन पानं मी कुणाला लिहू दिली नाहीत. ती तुझी. लिही आणि सभेआधी परत पाठव. नियमाप्रमाणे पुस्तक थेट फळीवर जाईल.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,

भाची