अंधारातली पहिली फेरी

१९ नोव्हेंबर
आज पुन्हा. शाळेच्या बसची पहिली फेरी, बाहेर काळोख, आणि वळणावरचा दुभाजक मला दिसलाच नाही. चाक घासलं. मागे चिल्लीपिल्ली पेंगत होती म्हणून बरं. मावशी – दारात उभी राहून मुलांना चढवते ती – म्हणाली, "भाऊ, झोप झाली नाही का?" नाही झाली, म्हटलं. खोटं. छान झाली होती. गेल्या हिवाळ्यात असं नव्हतं.

२३ नोव्हेंबर
डॉक्टरकडे जायचं नाही. डोळ्यांत खोट निघाली की लायसन्स गेलं, आणि स्टिअरिंगशिवाय मला येतंच काय? बायकोलाही सांगितलेलं नाही. दिवसा समोरची पाटी लांबून वाचतो. भानगड फक्त अंधाराची.

३० नोव्हेंबर
जेवताना सहज विचारलं, हे दिवस मोठे कधी व्हायचे? आमची धाकटी सातवीत, विचारायचाच अवकाश! संत्र्यात विणकामाची सुई खुपसली, तिरकी धरली आणि दिव्याभोवती फिरवायला लागली. "बघा बाबा, पृथ्वी अशी कललेली. फिरताना सरळ होतच नाही. इथे असली की आपली बाजू सूर्याकडे – उन्हाळा, मोठा दिवस. पलीकडे गेली की आपली बाजू लांब – थंडी, लहान दिवस." तारीख सांग, म्हटलं. "बावीस डिसेंबर. मग दिवस वाढतो." बायको म्हणाली, "संत्रं खायचं होतं मला." बावीस तारीख मी मनात घट्ट धरून ठेवली. तोवर कसंही करून निभवायचं.

९ डिसेंबर
मावशीला सांगितलंय, इंजिनाचा आवाज फार होतो, थांबा आला की ओरडून सांगत जा. सांगते. आणि न सांगितलेलंही सांगते – "डावीकडे सायकल आहे, भाऊ." तिला कळलंय. विचारत मात्र नाही. मला तिची भीती वाटते, आणि तिच्याशिवाय बस हलवायचीही भीती वाटते.

२२ डिसेंबर
आला एकदाचा दिवस. सुटलो.

५ जानेवारी
कसला सुटलो! सकाळ आणखीच काळी. म्हणजे डोळेच चाललेत. धाकटीला म्हटलं, तुझी तारीख चुकली. ती भूगोलाच्या बाईंना विचारून आली. दिवस वाढतोय, पण सगळा संध्याकाळच्या टोकाला. या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जरा जवळ असते, जोरात पळते, त्यात कललेली – म्हणून मध्यान्हच रोज थोडी उशिरा होते. सूर्योदयही महिन्याच्या मध्यापर्यंत लांबतच जातो. म्हणजे मी भलत्याच तारखेवर भिस्त ठेवली. तरी जीव भांड्यात पडला. दोष पृथ्वीचा, माझा नाही.

२ एप्रिल
उजेड आला. पहिल्या थांब्यावर झाडाचं पान न् पान दिसलं. मावशीला म्हटलं, आता ओरडू नका, घसा बसेल. हसली नाही.

१६ एप्रिल
दुसरी फेरी. लख्ख ऊन. मावशी किंचाळली आणि मी ब्रेकवर उभाच राहिलो. बसच्या डाव्या कोपऱ्याशी एक मुलगी, दप्तर पोटाशी धरलेलं. हातभर अंतर. मला ती दिसलीच नव्हती. उन्हात! मुलगी सुखरूप आहे, हेच मघापासून स्वतःला सांगतोय. किल्ली शाळेत जमा केली. घरी सगळं सांगून टाकलं.

१९ एप्रिल
डॉक्टरकडे जाऊन आलो. नजर कडांकडून आत मिटत चाललीय म्हणे. आधी अंधारात अडतं, मग उन्हातही बाजूचं दिसेनासं होतं. औषध नाही. "बऱ्याचदा रक्तातून येतं. घरात आणखी कोणाला?" कोणालाच नाही, म्हणालो. बायकोनेही मान हलवली.

२४ एप्रिल
संध्याकाळी धाकटी दाराशी बसून चपला चाचपत होती. म्हणाली, "बाबा, जिन्यातला दिवा लावा ना."
दिवा लागलेलाच होता.