तिसऱ्या झाडाखाली

मुंबई,
१६ मार्च २०२५

ती. प्रविणदादा,

अर्धा नमस्कार. उरलेला अर्धा कुणाचा, ते तुला ठाऊक आहे.

वहिनीला सांग, चिकूची पेटी पोचली आणि लॅबमध्ये बघता बघता फस्तही झाली. पेटी उघडली तशी मी वासासरशी आपल्या खालच्या वाडीत जाऊन उभी राहिले.

तू विचारलंस, इतकी वर्षं मी कसला धातू घासत बसलेय. अरे, सिरियम, पॅलेडियम आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवून मी स्फटिक बनवते. त्यातला सिरियमचा प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. खूप थंड केलं की प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं.

आठवतं? आपण भांडलो की आप्पा एकेकाला एकेका चिकूखाली उभं करायचे. "शेजाऱ्याच्या उलट तोंड!" वरच्या वाडीत झाडं चौकोनात, तिथे ही शिक्षा बरोबर जमायची. खालची वाडी मात्र त्यांनी त्रिकोणात लावलेली. तू समुद्राकडे, उमेशदादा डोंगराकडे, आणि मी कुठेही वळले तरी एकाशी तोंड जुळायचंच, म्हणून आपली भोवऱ्यासारखी फिरतेय. आप्पा ओरडायचे, "शितल, तुझं तोंड कुणीकडं गं?" मग तिघंही हसत सुटायचो. भांडण तिथेच संपायचं. फार आठवतं रे ते हसणं.

माझ्या स्फटिकातही अणू त्रिकोणातच बसलेत. दोघं आपापली दिशा धरतात, तिसरा कुठेच तोंड करत नाही. त्यात अणूंचा दोष नाही, मांडणीच तशी आहे. दाब देऊन ती जराशी हलवली, तरी पुढचं सगळं बदलतं.

आप्पा गेले आणि तुम्ही वाडीत मधोमध कुंपण घातलंत. फोन केला की तू विचारतोस, "तो काय बोलला?" तोही तेच विचारतो. दोन दिवाळ्या सुट्टी मिळाली नाही म्हणाले ना? मिळाली होती. बॅग कुणाच्या दारात ठेवायची, तेच सुचेना. खोलीवर बसून रडले. मला घर हवंय दादा, बाजू नको.

यंदा विवळवेढ्याच्या जत्रेला येतेय. पूर्वीसारखं तिघांनी जायचं. बारा एप्रिलला, शनिवारी, डहाणूला उतरेन. कोणत्या गाडीने, ते उमेशदादाच्या पत्रात लिहिलंय. त्याच्या पत्रात तारीख नाही. मला फोन करून विचारू नका, मी उचलणार नाही.

बॅग जड आहे. एकट्याला उचलायची नाही.

तुम्हा दोघांचीच,
शितल